वाइड रिसीव्हर, जावक शाखा

३ एप्रिल, गुरुवार

मी धाराशिवला जावक शाखेत बसतो. ऑफिसची पत्रं बाहेर धाडायची, नंबर टाकायचा, पाकीट चिकटवायचं. चार महिने झाले. आज दुपारी शिपाई एक पत्र घेऊन थेट माझ्याच टेबलावर आला. म्हटलं, चुकला असेल. आवक शाखा पलीकडं आहे. चुकला नव्हता. पाकिटावर माझंच नाव.

तक्रार झाली आहे. कुणी केली ते लिहिलेलं नाही. खेळाडूंच्या राखीव जागेवर नेमलेल्या कुलदीपरावांनी 'अमेरिकन फुटबॉल' या खेळाचं प्रमाणपत्र जोडलेलं आहे, तर त्यांनी ५ मे रोजी लातूरला समितीपुढं हजर राहून तो खेळ प्रत्यक्ष खेळून दाखवावा. दहा चेंडू फेकले जातील. किमान सात झेलले पाहिजेत. चेंडू आणि चेंडू फेकणारी व्यक्ती उमेदवाराने सोबत आणावी. सात झेल न झाल्यास नेमणूक रद्द.

मी हा चेंडू आजवर हातात धरलेला नाही. फोटोत धरलाय, पण तो फोटो कॉम्प्युटरनं बनवलाय. त्यात माझ्या उजव्या हाताला सहा बोटं आलीत. नेमणुकीच्या वेळी तीन अधिकाऱ्यांनी तो पाहिला आणि तिघांनी सही केली.

आईला सांगितलं नाही. तिनं गावाकडं, ईटमध्ये, घरटी पेढे वाटलेत. परत मागता येत नाहीत.

४ एप्रिल

शंभुलिंग सरांकडं गेलो. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान, आणि त्याच दुकानात चार खेळांच्या संघटना. अध्यक्ष बायको, खजिनदार मेहुणा, सरचिटणीस स्वतः. माझं प्रमाणपत्र त्यांनीच दिलं होतं. लेखी परीक्षेत मला खुल्या जागेसाठी दोन मार्क कमी पडत होते. दोन मार्कांसाठी पुन्हा वर्षभर अभ्यास करायचा की एक कागद जोडायचा? सगळे जोडतात. मी जोडला.

सर पत्र वाचून म्हणाले, "घाबरता कशाला? समितीला तरी कुठं खेळ म्हाईतंय?"

म्हटलं, संघटनेचा चेंडू द्या. म्हणाले, "चेंडू न्हाय आपल्याकडं. शिक्का हाय."

मग जरा खाजगीत सांगितलं. दोन वर्षांमागं एक संघ खरोखरच राज्य स्पर्धेला गेला होता. सात पोरंपोरी. त्यातली शिवकन्या नावाची एक मुलगी लईच मनावर घेणारी निघाली, चेंडू तिच्याकडंच राहिला. "खेळाडू म्हणून घेतली अन् खरंच खेळाय लागली," असं सर अगदी फसवले गेल्यासारखे बोलत होते.

५ एप्रिल

यूट्यूबवर पाहिलं. खेळ साधा आहे. एक जण फेकतो, दुसरा लांब पळत जाऊन झेलतो. त्या दुसऱ्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. माझ्या प्रमाणपत्रावर सरांनी त्याचं मराठी केलंय: रुंद स्वीकारक. माझं वजन बावन्न किलो.

व्हिडिओतला गोरा माणूस म्हणतो, सगळ्यात महत्त्वाचा आत्मविश्वास. तो माझ्याकडं भरपूर आहे. चेंडूचं बघावं लागेल.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी सहाला मैदानावर. शिवकन्या तिथं शाळेच्या मुलींना खो-खो शिकवते. पंचविशीची असेल, गळ्यात शिट्टी, पायात चपला. मी नाव सांगितलं. तिनं ते परत विचारलं. मी परत सांगितलं. मग प्रमाणपत्र हातात घेऊन तिनं ते बराच वेळ वाचलं, जितका वेळ माझ्या ऑफिसात आजवर कुणी वाचलं नसेल.

"या स्पर्धेला आमी सात जण गेलो होतो," ती म्हणाली. "तुमी आठवे व्हय?"

मी प्रमाणपत्र परत घ्यायला हात पुढं केला.

"अन् वाइड रिसीव्हर म्हंजे तर मी होते."

म्हणजे मी नुसता खोटा खेळाडू नाही, मी खोटी शिवकन्या आहे. मी पाया पडायचाच बाकी होतो. आईचं सांगितलं, पेढ्यांचं सांगितलं, कुणीतरी नालायकानं जळून तक्रार केली तेही सांगितलं. तिनं मुलींना एक फेरी मारायला पाठवलं, त्या परत येईपर्यंत प्रमाणपत्र पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "शिकवते. पण झेलल्यासारखं करायला न्हाय शिकवणार. झेलायलाच शिकावं लागंल."

म्हटलं, दोन्हीत फरक काय?

"उद्या या, कळंल."

८ एप्रिल

कळलं. बारा चेंडू फेकले, बाराही खाली. एक नाकावर. चेंडू दोन्हीकडून टोकदार आहे, कुणी शोधला त्याच्या घरचे सुखी नसणार.

मुली खो-खो थांबवून बघत होत्या. त्यांना मी फार आवडलो.

९ एप्रिल

नाक सुजलंय. ऑफिसात विचारलं तर म्हटलं, सराव चालू आहे. साहेब म्हणाले, शाब्बास.

११ एप्रिल

आज तिनं रोग सांगितला. चेंडू जवळ आला की मी डोळे मिटतो. मला पटेना, तर तिनं खडूनं चेंडूवर एक आकडा लिहिला आणि फेकला. "आकडा किती?" मी अंदाजानं पाच म्हटलं. आयुष्यभर असंच उत्तर देत आलोय, निगेटिव्ह मार्किंग नसलं की जमून जातं. आकडा दोन होता.

"चेंडू बोटांत येऊन काखेत जाईपर्यंत त्याच्याकडंच बघायचं," ती म्हणाली. "शेवटच्या हातभरातच सुटतो तो. आधीचं सगळ्यांनाच दिसतंय."

पंचवीस वेळा फेकला. तीन आकडे बरोबर सांगितले. त्यातला एक अंदाजानं.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी होती म्हणून दोन तास. छातीवर घ्यायचा नाही, छातीवर आपटून परत जातो. हात अंगापासून पुढं. चेंडू वरून आला तर दोन्ही अंगठे जवळ, खालून आला तर करंगळ्या जवळ. आणि हात लवकर वर करायचे नाहीत! मी फेकायच्या आधीच दोन्ही हात वर करून पळतो, ओवाळणी घ्यायला निघाल्यासारखा. समोरचा ते हात बघूनच अडवायला येतो म्हणे. चेंडू येईपर्यंत चेहऱ्यावर काहीच दिसू द्यायचं नाही, हात शेवटच्या क्षणी काढायचे.

हे मात्र मला पटकन जमलं. चेहऱ्यावर काही दिसू न देणं हा आमच्या शाखेचा रोजचा सराव आहे.

१७ एप्रिल

हात वेळेवर जातात, पण चेंडू बोटांवर आपटून उडतो. ती वैतागली. "तुमच्या बोटांत लाकूड हाय काय?" मग विचारलं, गावाकडं टरबूज लावलंय का कुणी. म्हटलं, बलभीममामानं. "मग शनिवार-रविवार टेम्पो भरायला जावा. खाली नका राहू. वर उभं राहून झेला."

सरकारी माणसाला हमाली करायला लावतेय. मी नाही जाणार.

१९ एप्रिल, शनिवार

गेलो. ईट. सकाळी सहापासून टेम्पोत उभा. खाली दोन जण ढिगातून टरबूज उचलून वर फेकतात, वर मामा आणि मी. मामा साठीचे आहेत. त्यांच्या हातात फळ आल्याचा आवाजच येत नाही. माझ्या हातात आलं की धप्प.

"गेलं त्ये," मामा दर वेळी म्हणायचे. "वरनं काय दिसणार न्हाय, पर आतनं तडकलं. व्यापाऱ्याला तिसऱ्या दिशी कळतंय."

म्हटलं, मग झेलायचं कसं?

"झेलायचं न्हाय रं. येतंय तिकडंच त्येच्यासंगं हात मागं न्यायचा. आडवं गेलास की फुटलं."

सकाळभरात माझ्या हातून चार फुटली, तडकली किती ते व्यापाऱ्यालाच माहीत. मामा खाली ओरडून सांगत होते, "सायबाला जपून टाका, त्येंच्या हातात फायलीबी टिकत न्हाईत." आई बांधावर उभी राहून बघत होती. तिला वाटलं, नोकरीत असून पोरगं कामाला लाजत नाही. डोळे पुसत होती. मीही पुसले, घाम होता.

२० एप्रिल

दुसरा टेम्पो. सकाळी अकराच्या सुमाराला एक फळ आलं आणि आवाज झाला नाही. मामांनी मान वळवून पाहिलं. 'गेलं त्ये' म्हणाले नाहीत. पुढचंही तसंच आलं. मग सगळीच तशी.

खरं सांगतो, पगार झाला त्या दिवशीसुद्धा एवढं बरं वाटलं नव्हतं.

२२ एप्रिल

पंधरातले नऊ! उभ्या उभ्या. तिनं आकडा विचारला, आठ म्हटलं, आठच होता. ती हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली कुणाकडं फेकून. संघातला एक पुण्यात डिलिव्हरीला, दोघींची लग्नं झाली. भिंतीवर फेकत होते मी."

मी म्हटलं, बरं झालं मग मला नोटीस आली. तिला विनोद आवडला नसावा.

२४ एप्रिल

पळत झेलणं वेगळं. सात पावलं सरळ पळायचं, सातव्याला डावीकडं वळायचं. वळलो तर चेंडू तोंडापुढं! म्हटलं, मी वळायच्या आधीच कसा फेकला?

"तुमी वळणार म्हणून फेकला."

"नसतो वळलो तर?"

"तर वाया गेला. सातवं पाऊल रोज त्याच जागी पडलं पायजे, तेव्हाच फेकणारा डोळे झाकून टाकतो. रिसीव्हर हातानं मोठा होत न्हाय, त्याच्यावर भरवसा टाकता येतो का त्यानं होतो."

असं बोलते कधीकधी. मुलींना खो द्यायला शिकवतानाही असंच सांगते. मी सहावं की सातवं पाऊल यातच अडकलो होतो.

२६ एप्रिल

आज तिनं दोन मुलींना माझ्या मागून ओरडत पळायला लावलं. पाठीत धपाटा मारायची परवानगीसह. मुली जीव तोडून मारतात. मी धपाट्याच्या धाकानं मागं बघतो आणि चेंडू सुटतो.

"धपाटा बसणारच हाय," ती म्हणाली. "झेलला तरी बसणार, सोडला तरी बसणार. मग झेलून तरी घ्या."

आणखी एक खोड दाखवली. चेंडू हातात यायच्या आधीच मी पुढं पळायला लागतो. "मिळायच्या आधीच तुमचं झालेलं असतंय," म्हणाली.

२८ एप्रिल

पळत, धपाट्यासकट, दहातले सात. झालं की! मी पात्र आहे. विचार केला तर मी काही खोटं केलेलंच नाही. प्रमाणपत्र आधी आलं, खेळ नंतर आला, एवढंच. आमच्याकडं रस्त्याचं उद्घाटन आधी होतं आणि रस्ता मागाहून, तेव्हा कुणी तक्रार करतं का? तक्रारदाराला पेढ्याचा एक बॉक्स पाठवावा म्हणतो, पत्ता मिळाला तर.

३० एप्रिल

सराव संपल्यावर तिनं सांगितलं, तीही स्पर्धा परीक्षा देते. तीन वर्षं देते आहे. मी म्हटलं, द्या द्या, सोडू नका, गणित पक्कं करा, माझं गणितानंच झालं. आणि निगेटिव्ह मार्किंग नसेल तर एकही प्रश्न सोडायचा नाही. ती ऐकून घेत होती. चेंडूवरचा खडू ओढणीनं पुसत होती. माणसाला अनुभवाचं बोलणारा कुणी भेटला की बरं वाटतं.

२ मे

आईचा फोन, मुलीकडचे लोक मंगळवारी येणार म्हणाली. मंगळवार म्हणजे सहा. समिती पाच तारखेला. सात झेल नाही झाले तर सहा तारखेला पाहुण्यांपुढं काय म्हणून बसू?

शिवकन्येला म्हटलं, लातूरला फेकायला याल का? हा प्रश्न महिनाभर मी विचारलाच नव्हता, येणारच असं धरून चाललो होतो. ती म्हणाली, "दुसरं कोण हाय तुमच्याकडं?" म्हटलं, कुणी नाही. म्हणाली, "येते."

५ मे, सोमवार

लातूर. पहिल्या एसटीनं गेलो. ऊन असं की मैदानावर पाय ठेववेना.

समितीत तिघं. एकानं चेंडू हातात घेऊन विचारलं, दबलाय का? म्हटलं, असाच असतो साहेब. दुसऱ्यानं इंटरनेटवरून काढलेले कागद आणले होते, ते उलटे धरले होते. तिसऱ्यानं माझं प्रमाणपत्र वाचून माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'रुंद' या शब्दाखाली रेघ मारली. फेकणाऱ्या व्यक्तीची रजिस्टरमध्ये सही घेतली. नाव कुणी वाचलं नाही.

पहिला झेलला. दुसरा झेलला. तिसरा बोटाला लागून गेला, मी समितीकडं बघत होतो. चूक माझीच. चौथा, पाचवा, सहावा आले. पाच झाले. आणखी दोन हवे होते.

सातव्याला ती थांबली. चेंडू हातात घेऊन उभी. मी जागेवर तयार, ती माझ्याकडं बघतेय आणि फेकत नाही. समितीतले एक म्हणाले, "मॅडम, टाका की." तिनं मान डोलावली. मी पळालो, सात पावलं, वळलो, आणि चेंडू तिथंच होता जिथं रोज असतो. हातात आला. आवाज आला नाही. आठवा, नववा, दहावाही तसेच.

दहातले नऊ. समितीनं टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, असे खेळाडू ग्रामीण भागात आहेत म्हणून आपण आहोत.

परतीच्या एसटीत मी बोलत होतो, ती खिडकीकडं. मी विचारलं, सातव्याला का थांबलात? म्हणाली, "वाटलं, टाकावा वाकडा."

मी हसलो. "मग?"

"हातच वळंना," ती म्हणाली.

मी खूप हसलो. मागच्या सीटवरची बाई जागी झाली.

६ मे

पाहुणे आले, बघून गेले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, कुठला खेळ? मी उभं राहून करंगळ्या जवळ करून दाखवल्या. पसंती कळवू म्हणाले.

९ मे

निकाल. पात्र. साहेबांनी सगळ्यांपुढं हात मिळवला. पेढे घेऊन मैदानावर गेलो. मुलींनी बॉक्स रिकामा केला, शिवकन्येनं एक घेतला आणि अर्धा एका मुलीला दिला. म्हणाली, "उद्यापासून येताय ना? आता कुठं जमाय लागलंय तुमाला. कोपऱ्यातला चेंडू शिकवायचा राहिलाय."

म्हटलं, बघू. ऑफिस असतं, त्यात आता लग्नाचं चाललंय.

ती "बरं" म्हणाली आणि चेंडू पिशवीत ठेवला.

१३ मे

पसंती आली.

१९ मे, सोमवार

जावक क्रमांक ७१८. विषय: खेळाडू प्रवर्गातील एका पदाच्या प्रतीक्षा यादीबाबत. निवड झालेला उमेदवार पडताळणीत पात्र ठरल्याने प्रतीक्षा यादीतील क्रमांक एकच्या उमेदवाराचा या पदासाठी विचार करता येणार नाही. प्रति, कुमारी शिवकन्या, धाराशिव.

पाकिटावरचा पत्ता मी लिहिला. नंबर मी टाकला.

मी नऊऐवजी सहा झेलले असते तर ही खुर्ची तिची होती. मी मैदानावर नाव सांगितलं तेव्हापासून तिला हे माहीत होतं. तक्रार तिचीच असणार. तिनं तपासणी मागितली होती, आणि तपासणीला चेंडू तिनंच फेकले. दहाही सरळ. एक सुटला तो माझ्या हातून सुटला. आणि मी तिला गणित पक्कं करायला सांगितलं.

लाज वाटते. लिहून कमी होईल असं वाटलं होतं, झाली नाही. राजीनाम्याचा अर्ज दोनदा सुरू केला, दोन्ही वेळा 'महोदय'च्या पुढं गेलो नाही. साडेपाचला शिपाई टपाल न्यायला आला. मी पाकीट चिकटवलं, त्याच्या हातात दिलं आणि वहीत तिच्या नावापुढं 'रवाना' लिहून सही केली.